पाठकोरं इंग्रजी

माझ्या पुतणीला इंग्रजी वाचायला मी शिकवलं, त्याला आता आठ वर्षं झाली. अजूनही घरी पाहुणा आला की सासरे सांगतात, "पोरगी इंग्रजी बोलती ती धाकट्या सूनबाईमुळं." मी खाली मान घालून चहाचे कप गोळा करते. पाहुण्यांना तो माझा विनय वाटतो.

मी सांगलीची. वडील एसटीत कंडक्टर होते आणि आमच्या गल्लीत इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी पहिलीच. लग्नाच्या आधी तिथल्याच एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. समोर तीन बाया बसलेल्या. त्यांनी एक पान मोठ्यानं वाचायला दिलं. त्यात बुधवार होता. मी तो जसा लिहिला होता तसा वाचला, 'वेडनेसडे' असा. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मधल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, तुमचं मराठी फार छान असेल. मी घरी येऊन सांगितलं की जागा आधीच भरली होती.

त्यानंतर वर्षाच्या आत माझं लग्न फलटणजवळच्या या गावात झालं. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा यायचा. घरात सुभेदार होऊन रिटायर झालेले सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. उसाचं सगळं बघणारे थोरले दीर, थोरली जाऊ आणि त्यांची एकुलती एक मुलगी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. जाऊ माणदेशातली. तिच्या गावात पाणी नाही, घरच्या शेळ्या राखायच्या म्हणून चौथीतून शाळा सुटलेली. मी तिला आक्का म्हणायची. नात्यानं आणि वयानं मोठी असून ती मला 'तुमी' म्हणायची, कारण मी शिकलेली. मी एकदाही तिला नको म्हटलं नाही.

पोर गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत होती. दिवाळीच्या सुमाराला तिला वाचायचा नाद लागला. खताच्या पोत्यांवरचं, भिंतीवरच्या जाहिराती, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं लिहिलेलं, दिसेल ते वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची आणि आईला विचारायची. आक्का दोन्ही अक्षरं वेगवेगळी म्हणून बघायची, मग भरभर म्हणायची, आणि दोघींना एकदम तो शब्द सापडायचा. चुलीपुढं बसून त्या दोघी डाळीच्या पुड्याचा कागद वाचताना मी कितीतरी वेळा बघितलंय.

आबांचा एक फौजी दोस्त त्याच्या नातवाला घेऊन आला होता. त्या मुलानं ओसरीवर उभं राहून इंग्रजी कविता म्हणून दाखवली. दुसऱ्या दिवशी आबा फलटणला जाऊन एका इंग्रजी शाळेत चौकशी करून आले. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की जूनपर्यंत सोपे शब्द वाचता आले तर पहिलीत घेऊ, नाहीतर केजीत बसवावं लागेल. आबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "तुमच्यावर सोडलं."

त्या घरात कुणालाही इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे मला किती येतं हे तपासायलाही कुणी नव्हतं. मला फार बरं वाटलं.

वरच्या खोलीत आम्ही बसायचो. सतरंजी, भिंतीला एबीसीडीचा तक्ता, आणि माझ्या हातात लाकडी फूटपट्टी. ती सुरुवातीला फक्त तक्त्यावर दाखवण्यासाठी होती. अक्षरं तिनं आठ दिवसांत उचलली. पुढं शब्द आले आणि घोटाळा सुरू झाला, कारण पोर वाचायला शिकलेली होती मराठीत. एका अक्षराचा एकच आवाज, तो जिथं जाईल तिथं तोच, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. 'सी' म्हणजे स म्हणायचं की क, आणि ते कसं कळतं, असं तिनं पहिल्या आठवड्यातच विचारलं. मी म्हटलं, विचारायचं नाही, पाठ करायचं.

एके दिवशी 'बट' झाला. मग 'कट' झाला, 'नट' झाला. ती खूश होती, तिला नियम सापडला होता. मग 'पी, यू, टी' आलं. ती आत्मविश्वासानं 'पट' म्हणाली. मी म्हटलं, पुट. तिनं परत वरच्या शब्दाकडं बघितलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग हे बुट व्हय? पायातला?"

तिनं चेष्टेनं विचारलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीनं विचारावा असाच तो प्रश्न होता. मला त्याचं उत्तर येत नव्हतं. आणि तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मला सांगलीच्या त्या तीन बायांसारखं वाटलं. मी तिच्या हातावर फूटपट्टी मारली. तिला खूप वेळ कळलंच नाही की काय चुकलं. तिनं हाताकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. नंतर तिनं पुन्हा कधी 'का' असं विचारलं नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

फूटपट्टी त्या दिवसापासून तक्त्यासाठी राहिली नाही.

मी नियम केला की वरच्या खोलीत मराठी चालणार नाही. काय पाहिजे ते इंग्रजीत मागायचं. पाणी, पेन्सिल, खाली जायची परवानगी. वाक्यं मी पाठ करून घेतली होती. एके दिवशी ती चुळबुळ करायला लागली. एकदा म्हणाली, "काकी." मी म्हटलं, इंग्रजीत. ती 'मे आय' पर्यंत आली आणि अडली. पुढचा शब्द तिला आठवेना. मला कळत होतं तिला काय पाहिजे. मी वाट बघत बसले. मला आठवतं, मी खिडकीतून बाहेर बघत होते, खाली गडी ट्रॉलीतून खत उतरवत होते. मागून आवाज आला नाही, पण सतरंजी ओली झालेली दिसली. ती रडली नाही. मी तिला फडकं आणून पुसायला लावलं, आणि पुसून झाल्यावर ते वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं. तिनं तशाच ओल्या फ्रॉकमध्ये ते दहा वेळा म्हटलं.

आक्का जिन्यात उभी होती. कधीपासून होती कुणास ठाऊक. तिनं फक्त विचारलं, "झालं का तुमचं? न्हिऊ का तिला?"

मला वाटलं होतं ती दिरांना सांगेल. तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिला असं वाटत असावं की इंग्रजी हे असंच शिकवतात.

त्यानंतर दोन आठवड्यांत पोर सुधारली. आदल्या दिवशीचे सगळे शब्द दुसऱ्या दिवशी अचूक यायला लागले. 'एलिफंट', 'अंब्रेला', वाक्यंसुद्धा. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, तू शाळाच काढ. पण मला शंका होती. एक दिवस मी पुस्तक तिच्या हातात उलटं दिलं. तिनं ते तसंच धरून पूर्ण पान म्हणून दाखवलं. बोटही फिरवत होती, उलट्या ओळींवरून. मग मी एक शब्द वेगळा कागदावर लिहून दिला. तिला वाचता आला नाही.

मी विचारलं, हे तुला पाठ कुणी करून दिलं. ती बोलेना. मी फूटपट्टी उचलली तशी बोलली.

दुपारी मी झोपायची तेव्हा त्या दोघी गोठ्यात बसायच्या. गव्हाणीच्या मागं, पोत्याखाली, जुन्या कॅलेंडरची पानं ठेवलेली होती. छापील बाजू खाली, पाठकोरी बाजू वर. आक्का रोज पोरीला विचारायची, आज काकीनं काय सांगितलं. पोर आठवून आठवून सांगायची आणि आक्का तिच्या चौथीतल्या वळणदार अक्षरात ते मराठीत उतरून घ्यायची. एका बाजूला पोरीनं काढलेली इंग्रजी अक्षरं, शेजारी आक्कानं लिहिलेला उच्चार, त्याच्या शेजारी तिला समजलेला अर्थ. मग दोघी मिळून ते म्हणायच्या. अशी अकरा-बारा पानं होती. माझ्या शिकवण्यातलं जे काही पोरीच्या डोक्यात राहत होतं, ते त्या पानांमुळं राहत होतं.

आज मला कळतं की ती हुशार बाई होती. पोरीला येणाऱ्या लिपीवरून तिला न येणाऱ्या लिपीकडं नेणारा तो चांगला रस्ता होता, मला सुचायला पाहिजे होता तो. थोडा वेळ दिला असता तर दोघी वाचायला लागल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर हे मला तेव्हाही कळलं. गोठ्यात उभी राहून ती पानं चाळताना मला स्पष्ट कळलं की आक्का शिकतेय. मारल्याशिवाय शिकतेय. आणखी वर्षभरानं या घरात इंग्रजी येणारी मी एकटी राहणार नव्हते.

मी ती पानं घेऊन गेले. लगेच काही बोलले नाही. रविवारी संध्याकाळी आबांचे दोन फौजी दोस्त आले होते, दीर होते, शेजारच्या दोघी बायका होत्या. चहा झाला. आबांनी विचारलं, पोरीचा अभ्यास कसा चाललाय. मी म्हटलं, आबा, आपल्या घरात दोन विद्यार्थिनी आहेत. आणि आतून पानं आणली.

मी ती वाचून दाखवली. एलिफंट म्हणजे 'यलपंट'. अंब्रेला म्हणजे 'आंबरीला', आणि पुढं कंसात तिनं लिहिलं होतं, छत्री, आंब्याचं काय न्हाई. हशा पिकला. मला चेव आला. मी आवाज काढून, तिच्या माणदेशी हेलात वाचायला लागले. एका पानावर 'धिस इज माय मदर' होतं. त्याच्या अर्थाच्या जागी तिनं लिहिलं होतं, ही आई आई. आणि खाली बारीक अक्षरात, माय बी आई मदर बी आई, दोनदा का ते विचारणे.

आबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. दीरही हसले. आक्का स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि तीही हसायला लागली, सगळे हसतात म्हणून.

पोर माझ्या शेजारी बसली होती. तिनं आधी आईकडं बघितलं, मग आबांकडं, मग माझ्याकडं. आणि ती हसली. पहिल्यांदा जरा घाबरत, मग मोठ्यानं. मग आईकडं बोट करून म्हणाली, "आईला काय येतच न्हाई."

आक्काचं हसू तेवढ्यानं थांबलं. तिनं आत जाऊन भांडी घासायला काढली.

पानं मी तिथंच कट्ट्यावर ठेवली होती. सकाळी ती तिथं नव्हती. अंघोळीच्या बंबात घातली असणार, कारण जळणाशेजारी कॅलेंडरची पत्र्याची पट्टी पडलेली दिसली. त्याबद्दल आक्का माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि वागण्यात काही फरकही केला नाही. भाकरी आधी मलाच वाढायची. पेन्सिल मात्र तिनं परत हातात धरली नाही. गॅसची टाकी यायची तेव्हा वहीत दिरांना सही करायला सांगायची. पूर्वी ती स्वतः करत होती.

पोर मात्र झपाट्यानं शिकली. ती माझ्या बाजूला आली होती. मार खाल्ला तरी माझ्याच मागं मागं फिरायची. खताच्या पोत्यांवरचं वाचणं बंद झालं. एकदा शाळेतलं मराठीचं पुस्तक आक्कानं तिच्यापुढं उघडलं, तर पोर म्हणाली, ते कशाला, ते तर कुणालापण येतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत बोलावलं. आई-वडिलांनी यायचं होतं. आक्का सकाळी लवकर उठून तयार झाली होती. लग्नातली हिरवी साडी नेसली होती, केसात अबोलीचा गजरा. जीपपाशी येऊन उभी राहिली. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. म्हणाले, "तिथं इंग्रजीत इचारत्यात. धाकटीला जाऊ दे." दीर स्टेअरिंगवर होते, त्यांनी गाडी सुरू केली. आक्का म्हणाली, "व्हय, बराबर हाय," आणि पोरीचा डबा माझ्या हातात दिला. गजरा तिनं जीप निघायच्या आधीच काढला, मी जीपच्या आरशात बघितलं.

शाळेत मोठ्या बाईंनी पोरीला तीन कार्डं दिली. तिनं तिन्ही वाचली. 'पुट' सुद्धा. मग बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुझ्यासोबत कोण कोण आलंय. पोरीनं दिरांकडं हात करून सांगितलं, 'धिस इज माय फादर.' मग माझ्याकडं हात केला आणि पुस्तकातलं पुढचं वाक्य म्हटलं, 'धिस इज माय मदर.'

दीर जमिनीकडं बघत होते. तिला चुलतीचं वाक्य मी शिकवलं नव्हतं, ते पुस्तकात नव्हतं, एवढं मी स्वतःला समजावलं. एका वाक्यात दुरुस्ती करता आली असती. बाई माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही तिच्यावर खूप मेहनत घेतलीत. मी थँक्यू म्हटलं.

घरी आल्यावर आक्कानं पोरीला जवळ घेऊन विचारलं, काय इचारलं गं तुला. पोरीनं उड्या मारत सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, शेवटच्या वाक्यापर्यंत, आणि ते म्हणताना माझ्याकडं बोटही केलं. तिला वाटलं, आईला काय कळतंय. पण हे एक वाक्य आक्काला येत होतं. तिनं पोरीचे केस मागं सारले, म्हणाली, छान, आणि भाकरी करपतेय म्हणून उठली. तव्यावर त्या वेळी भाकरी नव्हती.

मधल्या वर्षांत मी एकदा माफी मागण्याचा प्रयत्न केला. मला स्वतःला मुलगा झाला होता, त्याच्यासाठी अक्षरांचं पुस्तक आणलं होतं. दुपारी आक्का शेंगा निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, आक्का, तुम्हीपण शिका माझ्याकडं, आता मी नीट शिकवीन. मागचं मनात ठेवू नका. ती शेंगा निवडतच राहिली. मग म्हणाली, "कवा तरी शिकाया पायजे हुतं, ते शिकले न्हाई. आता पोरगी माज्याशी बोलत न्हाई, तर शिकून बोलू कुणाशी?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

पोरगी आता चौदा वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून सांगलीला, माझ्या माहेराजवळच, हॉस्टेलवर राहते. रविवारी फोन करते तो माझ्या मोबाइलवर. आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे आणि ती माझे उच्चार सुधारते, तिला लाजही वाटत नाही. शेवटी मी फोन आक्काला देते. आक्का विचारते, जेवलीस का. ती हं म्हणते. तब्येत बरी हाय का. हं. मग फोन परत माझ्याकडं येतो.

आमचं बोलणं चालू असतं तेव्हा आक्का समोर उभी असते. तिला शब्द कळत नाहीत, म्हणून ती माझ्या तोंडाकडं बघत असते. मी हसले की पोर बरी आहे असं समजून तीही हसते. माझ्या कपाळाला आठी पडली की ती पुढं सरकते.

महिन्यापूर्वी पोरीनं सांगितलं की हॉस्टेलमध्ये पालकांचा दिवस आहे. आबांना आण, पप्पांना आण, तू तर येच. मग थांबली आणि इंग्रजीत म्हणाली की आईला आणू नकोस. तिथं सगळ्यांच्या आया इंग्रजीत बोलतात, आपली काहीतरी बोलेल आणि मुली वर्षभर तेच म्हणत बसतील. तिनं ते वाईट आवाजात म्हटलं नाही. शाळेच्या गणवेशाबद्दल बोलावं तसं सहज म्हटलं. मी तिला रागवायला हवं होतं. मला शब्द सापडेना, इंग्रजीतही आणि मराठीतही.

आक्का समोर होती. माझ्या तोंडावर काय आलं असेल कोण जाणे, ती घाबरून पुढं आली. म्हणाली, "काय म्हणती? बरी हाय न्हवं?"

मी हसले. म्हटलं, "तुमची आठवण काढतेय."

ती इतकी खूश झाली की तिला काय करावं कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं शेंगदाण्याचे लाडू केले, डब्यात भरले, डब्याला फडकं बांधलं. मी तिला सांगितलं की या वेळी प्रत्येक घरातून तिघांनाच पास आहेत. तिनं लगेच मान हलवली. डबा माझ्याकडं दिला आणि विचारलं, "मग मी कंदी जायाचं?"

मी म्हटलं, सांगते. अजून सांगितलेलं नाही.